बॉल हातात नसेल तर वाट सोड

जोधपूरच्या छावणीतल्या आमच्या मैदानावर गवताची काडी नाही. सकाळी सहाला पाण्याचा टँकर फिरवून धूळ बसवायची, चुन्याने रेषा मारायच्या, आणि नऊ वाजता वाऱ्याने त्या पुसल्या की पुन्हा मारायच्या. मागच्या महिन्यात याच मैदानावर शाळकरी मुलींची सॉफ्टबॉल स्पर्धा झाली. पंच कमी पडत होते. मी कॉलेजात चार वर्षं कॅचर होतो हे कुणीतरी सीओ साहेबांच्या कानावर घातलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्या हातात नियमपुस्तक आलं. प्लेटमागे एक अनुभवी पंच, बेसवर मी.

तिसरी इनिंग. दुसऱ्या बेसवर आठवीतली एक काटकुळी पोरगी, वेणी हेल्मेटखाली कोंबलेली. राईट फील्डला फटका गेला, तिसऱ्या बेसजवळ उभ्या कोचने हात गरागरा फिरवला आणि पोरगी होमकडे सुटली. कॅचर प्लेटच्या अलीकडे, तिसऱ्या बेसच्या अंगाला, दोन्ही पाय फाकवून उभी. बॉल तेव्हा पिचरच्या वर्तुळाजवळ टप्पा खात होता. पोरीने समोर भिंत बघितली, पाय आखडले, बाहेरून वळसा घालायला गेली. तेवढ्यात बॉल आला, टॅग लागला. प्लेटवरच्या पंचाची मूठ वर. आऊट.

मी सगळं पाहिलं होतं. माझा डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा जायला हवा होता. गेला नाही. प्लेटवर सीनियर माणूस उभा आहे, त्याने काही केलं नाही, आपण कशाला, असा विचार मनात आला आणि गेला. तेवढ्यात क्षण निघून गेला. पोरीचा कोच तिच्यावर ओरडत होता, "रुकी क्यों? उड़ा देती उसको!"

सहाव्या इनिंगला तीच पोरगी, तोच फटका, तीच कॅचर, तीच जागा. या वेळी ती थांबली नाही.

गळपट्टीचं हाड मोडलं. युनिटच्या जिप्सीतून तिला नेताना ती रडत नव्हती, फक्त विचारत होती, "रन हुआ क्या?" रन झाला नव्हता. धडक दिली म्हणून पंचाने तिला आऊट दिलं होतं. आणि बॉल? बॉल कॅचरच्या हातात त्या वेळीही नव्हता. धडकेनंतर तो मागच्या जाळीपर्यंत घरंगळत गेला.

त्या संध्याकाळी पंचांच्या तंबूत चहा पिताना मी विषय काढला. चौघांची चार उत्तरं आली. तिने मुद्दाम नाही अडवलं. आधीच्या वेळी तर धक्काही लागला नव्हता. बॉल येतच होता ना. आणि शेवटचं, "साहब, आप तो फौजी हो, इतना तो चलता है." ही चारही उत्तरं मी आपल्याकडे जळगाव जिल्ह्यातल्या मैदानांवर मराठीत ऐकलेली आहेत, शब्दन्‌शब्द. म्हणून हे मराठीत लिहितो आहे. हे वाचणाऱ्यांत अनेक माजी सैनिक आहेत, निवृत्त होऊन गावी भरतीची अकादमी चालवणारे, तालुका-जिल्हा स्पर्धांत शिस्तीचा माणूस म्हणून हमखास बोलावले जाणारे. उद्या शिट्टी किंवा क्लिकर तुमच्याही हातात येईल.

आधी नियम काय आहे ते. बॉल हातात नसलेल्या आणि फटक्याचा बॉल उचलण्याच्या कृतीतही नसलेल्या फिल्डरने नियमाप्रमाणे पळणाऱ्या रनरची वाटचाल अडवली, की तो अडथळा. मैदानावर आपण ऑब्स्ट्रक्शन म्हणतो. हातात बॉल नसताना टॅग केल्याचं नाटक केलं तरीही अडथळाच. झालं की पंचाने डावा हात आडवा धरायचा, पण खेळ थांबवायचा नाही. पुढे काय होतं ते बघायचं. अडवलेली रनर ज्या बेसपर्यंत अडथळ्याविना पोचली असती असं पंचाला वाटतं, तो बेस तिला मिळतो. ज्या दोन बेसच्या मध्ये तिला अडवलं तिथे तिला आऊट देता येत नाही. तिने स्वतःच काही आगळीक केली तर गोष्ट वेगळी.

यात शिक्षा कुठेच नाही. कॅचरला बाहेर काढत नाहीत, समोरच्या संघाला फुकटचा रन देत नाहीत. रनरकडून जे काढून घेतलं गेलं तेवढंच तिला परत. गावात शेजाऱ्याने तुमचा बांध कोरला तर सरकारी मोजणी करून बांध पुन्हा होता तिथे आणतात, तितकंच. तरीही हा हात आडवा करायला आपले पंच जसे घाबरतात, तसं मी कुणाला लाल कार्ड दाखवतानाही पाहिलेलं नाही.

आता पहिलं उत्तर. मुद्दाम केलं नाही.

या नियमात 'मुद्दाम' हा शब्दच नाही. मग तो आपल्या डोक्यात आला कुठून? माझं उत्तर: क्रिकेटमधून. आपण सगळे क्रिकेटच्या डोळ्याने इतर खेळ बघतो. क्रिकेटच्या ४१.५ कलमात फिल्डरने फलंदाजाचं लक्ष विचलित केलं, फसवलं किंवा वाट अडवली तर पाच धावांचा दंड आहे, पण ते जाणूनबुजून केलेलं असावं लागतं. ४ एप्रिल २०२१ ला जोहान्सबर्गला फखर झमान १९३ वर धावबाद झाला. विकेटकीपर क्विंटन डी कॉकने दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं, फखर मागे वळून बघत हळू झाला आणि इकडच्या यष्ट्या उडाल्या. पंचांनी काही दिलं नाही. मग जगभर चर्चा कशाची? डी कॉकच्या मनात काय होतं याची. तो फसवत होता की आपल्या माणसाला सांगत होता? मनातलं कुणाला कळणार? म्हणून ती चर्चा संपत नाही.

सॉफ्टबॉल आणि बेसबॉलने ही भानगडच ठेवली नाही. पंचाने मन वाचायचं नाही, पाय वाचायचे. रनर अडली का? हो. अडवणाऱ्याकडे बॉल होता का? नाही. संपलं.

२०१३ च्या वर्ल्ड सीरिजचा तिसरा सामना आठवा, किंवा यूट्यूबवर बघा. २६ ऑक्टोबर, सेंट लुईस, नववी इनिंग, ४-४. बोस्टनच्या कॅचरचा तिसऱ्या बेसकडचा थ्रो भरकटला. तिसऱ्या बेसवरचा विल मिडलब्रुक्स त्यासाठी झेपावला आणि जमिनीवर पालथा पडला. सेंट लुईसचा ॲलन क्रेग उठून होमकडे निघाला तो त्याच्यावर अडखळून पडला. पुन्हा उठला, लंगडत होमपर्यंत गेला, तिथे बॉल त्याच्या आधी पोचला, टॅग लागला. पण तिसऱ्या बेसवरच्या जिम जॉइस या पंचाने अडथळा दिलेला होता. क्रेग सेफ, सामना ५-४ संपला. मिडलब्रुक्सने मुद्दाम केलं? बिचारा तोंडावर पडला होता. पण नियमाखालच्या टिपणीत हेच उदाहरण दिलेलं आहे: बॉलसाठी झेपावला, बॉल निघून गेला, हा तिथेच पडून राहिला आणि रनरला उशीर झाला, तर बहुधा अडथळाच. वर्ल्ड सीरिजच्या सामन्याचा शेवट, पन्नास हजारांच्या आसपास माणसं बघताहेत, आणि त्या माणसाने निकाल दिला. आपल्याकडे समोर शंभर पोरं आणि दोन पालक असतात तरी हात वर होत नाही.

'मुद्दाम नाही' याबद्दल मला बोलायचा अधिकार आहे, कारण ते मी स्वतः म्हटलेलं आहे. कॉलेजात असताना आंतरमहाविद्यालयीन सामन्यात मी असाच प्लेटवर पाय रोवून उभा होतो. समोरचा पोरगा घसरत आला. त्याचा पाय माझ्या लेगगार्डवर आपटला आणि घोटा फिरला. बॉल माझ्याकडे नव्हता. मी त्याला हात देऊन उठवलं, मनापासून सॉरी म्हटलं, मुद्दाम नाही केलं रे, म्हटलं. तोही म्हणाला, चालायचंच. पाच-सहा आठवड्यांनी भरतीच्या मेळाव्यात तो मला दिसला. सोळाशे मीटरला माझ्याच तुकडीत होता. दुसऱ्या फेरीत तो लंगडू लागला आणि तिसऱ्या फेरीत बाजूला झाला. मी भरती झालो. त्याचं पुढे काय झालं हे मी विचारलंही नाही. माझा हेतू स्वच्छ होता हे खरं. त्याच्या घोट्याला त्याचा काय उपयोग?

दुसरं उत्तर, धक्का लागला नव्हता. हे मला सगळ्यांत घातक वाटतं, म्हणून इथे जरा थांबतो.

नियम म्हणतो वाटचाल अडवणं. अंगाला अंग लागणं नव्हे. रनरने वेग कमी केला, वळसा घेतला, बिचकून पाय टाकला, तर अडथळा झाला. तिने रेषेवरूनच पळायला हवं होतं, हेही ऐकतो. रनरला अशी कुठली रेषा आखून दिलेली नाही. दोन बेसमधली वाट ती आपली आपण निवडते. तीन फुटांची मर्यादा लागू होते ती बॉल हातात घेतलेली फिल्डर तिला टॅग करायला येते तेव्हा.

पंच धक्क्याची वाट बघत बसला की काय होतं ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. तिसऱ्या इनिंगला ती पोरगी शहाण्यासारखी वागली. समोर माणूस दिसला, ती थांबली. शहाणपणाचं बक्षीस काय मिळालं? आऊट, आणि वर कोचच्या शिव्या. मग ती काय शिकली? की आपली बाजू खरी ठरवायची असेल तर आदळावं लागतं. सहाव्या इनिंगला ती आदळली. दोन बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे सव्वाअठरा मीटर. चौदा वर्षांची पोरगी ते तीन-साडेतीन सेकंदांत कापते. त्या तीन सेकंदांत तिने ठरवायचं की कॅचरकडे बॉल आहे की नाही, कारण कॅचरकडे बॉल असेल आणि तू उभ्याने जाऊन धडकलीस तर तू आऊट, धडक आडदांड असेल तर सामन्याबाहेर. बॉल नसेल तर वाट तुझी. हा निवाडा पळत्या पोरीने करायचा? तो करायला तर आम्हाला तिथे उभं केलं होतं. तिसऱ्या इनिंगला माझा हात आडवा झाला असता तर तिला रन मिळाला असता, कॅचर पुढच्या वेळी बाजूला उभी राहिली असती आणि हाड शाबूत राहिलं असतं. त्या हाडाचा हिशोब मी कॅचरच्या नावावर मांडत नाही, माझ्या नावावर मांडतो. प्लेटवरच्या पंचाने नंतर धडकेचा नियम लावला तो तर उलट्या टोकाने लावला. तो नियम बॉल हातात घेऊन उभ्या असलेल्या फिल्डरच्या रक्षणासाठी आहे.

त्यात आपली मैदानं. परदेशातल्या व्हिडिओत रनर मऊ मातीत छान घसरत जाते, कॅचरच्या पायांमधून बेसला बोट लावते. आमच्या इथे किंवा खान्देशातल्या मुरमाड मैदानावर एकदा घसरून बघा. मांडीची साल निघते. पोरी घसरत नाहीत, उभ्याने येतात. आणि समोर कॅचर असते ती मुखवटा, छातीचं कवच, गुडघ्यापासून खाली कडक प्लास्टिकचे गार्ड घालून. एकीकडे चिलखत, दुसरीकडे ट्रॅकपँट. तेव्हा आपल्याकडे खालच्या पातळीवर नियम जरा सैल ठेवला तरी चालतो, असं जे म्हणतात त्यांना माझं सांगणं आहे, आपल्याकडेच तो सगळ्यांत कडक हवा.

पैसेवाल्यांनाही हे उशिरा कळलं. बस्टर पोझी हा सॅन फ्रान्सिस्कोचा कॅचर. मे २०११ मध्ये होम प्लेटवरच्या धडकेत त्याच्या पायाचं हाड मोडलं, घोट्याचे अस्थिबंध फाटले, हंगाम गेला. तिथे मार रनरने दिला, कॅचरने खाल्ला. तरी २०१४ पासून अमेरिकन बेसबॉलने जो नियम केला तो दोन्ही बाजूंनी केला: रनरने कॅचरला धडकण्यासाठी वाट सोडायची नाही, आणि बॉल नसेल तर कॅचरने प्लेट झाकायची नाही. सॉफ्टबॉलला शहाणपण त्याआधीच सुचलं होतं. पहिल्या बेसवर पांढरा आणि केशरी असा जोडबेस त्यासाठीच आला, फिल्डरचा पाय पांढऱ्यावर, पळणारीचा केशरीवर. होमला आपल्या मुलींच्या सामन्यात असली जोडप्लेट नसते. तिथे फक्त पंचाचा डावा हात असतो.

तिसरं उत्तर, बॉल येतच होता. यावर मी माझ्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना फोन केला. वय पंच्याहत्तरच्या पुढे, आवाज अजून मैदानावरचाच.

"सर, तुम्ही आम्हाला प्लेट झाकायला शिकवलं होतं. आठवतं?"

"मग? बॉल येतोय म्हटल्यावर कॅचरने जागा धरायची नाही तर काय हारतुरे घेऊन उभं राहायचं?"

"आता तसं चालत नाही, सर. बॉल हातात पाहिजे."

"कधीपासून?"

सरांची यात चूक नाही. त्यांच्या काळच्या पुस्तकात तीन सवलती होत्या: बॉल हातात असणं, फटक्याचा बॉल उचलत असणं, आणि फेकलेला बॉल आता हातात येण्याच्या बेतात असणं. तिसरीमुळे सगळा घोळ व्हायचा. बॉल दहा फुटांवर असला म्हणजे बेतात? की वीस? प्रत्येक पंचाची फूटपट्टी वेगळी. अमेरिकेत या शतकाच्या पहिल्या दशकात ती सवलत काढून टाकली, जागतिक संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूबीएससीच्या, नियमातही आता ती नाही. पण सरांनी मला शिकवलं, मी माझ्या ज्युनियर पोरांना शिकवलं, त्यातला एक आता कुठल्यातरी शाळेत पीटीचा शिक्षक आहे आणि तो आज सकाळी कुणाला तरी तेच शिकवत असेल. पुस्तक बदललं, मैदानावर ते पोचलंच नाही. पलटणीत एखाद्या हत्याराचं ड्रिल बदललं की जुन्या उस्तादालाही पुन्हा कोर्सला पाठवतात. तू वीस वर्षं शिकवतोस म्हणून तुझं जुनं ड्रिल चालेल, असं कुणी म्हणत नाही. पंचांना आणि कोचना दरवर्षी हंगामाआधी एक दिवस बसवून बदललेले नियम सांगायला काय खर्च येतो? चहा-बिस्किटं.

"सर, कॅचरला उभं कुठे करायचं मग?" हे मीच विचारलं. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "थांब, मला पुस्तक पाठव तुझं. बघतो." दोन दिवसांनी सरांचा फोन आला तो मी शेवटी सांगतो.

या उत्तरातला एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. थ्रो वाकडा आला तर कॅचरला त्याच्यामागे वाटेत जावंच लागतं. ती काय करणार? तिने जावं. नियम तिला जाऊ नको म्हणत नाही. फक्त तू गेलीस आणि बॉल हातात येण्याआधी रनर अडली, तर बेस रनरचा. वाईट थ्रोची किंमत थ्रो करणाऱ्या संघाने मोजायची, पळणाऱ्या पोरीने का मोजायची? आणि उलट बाजूही बघा, म्हणजे नियम एकतर्फी वाटणार नाही. फटक्याचा बॉल उचलायला गेलेल्या फिल्डरला वाट देणं रनरचं काम आहे. तिथे ती आड आली तर ती आऊट, तिचंही 'मुद्दाम नाही' कुणी ऐकत नाही. मोकळ्या हाताला मात्र वाट कधीच मिळत नाही.

मराठी माणसाला तर हे परकं वाटायलाच नको. खो-खो घ्या. त्याचे नियम पहिल्यांदा नीट लिहून काढायला १९१४ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याने सुरुवात केली. त्या नियमांत आहे की पाटीवर बसलेल्यांनी पळणाऱ्याला अडथळा होईल असं बसायचं नाही, आणि अशा अडथळ्यामुळे पळणारा बाद झाला तर तो बाद धरायचा नाही. म्हणजे झालेलं नुकसान भरून द्यायचं, मन तपासायचं नाही. लहानपणी गुडघा बाहेर काढून बसलं की सर पाठीत धपाटा घालायचे. तेच सर आम्हाला सॉफ्टबॉलला प्लेट झाकायला लावायचे. मी त्यांना हे फोनवर म्हटलं नाही. तेवढी हिंमत सुभेदार झालो तरी आलेली नाही.

राहिलं शेवटचं, फौजी आहात, इतकं चालतं.

नाही चालत. फौजेत अडथळे असतात हे खरं. नऊ फुटांचा खड्डा, उभा दोर, आडवा दोर, सगळं रगडून करून घेतात. पण तो खड्डा जागेवरच असतो. तुम्ही उडी मारायला लागल्यावर कुणी तो सरकवत नाही. आणि काश्मीरच्या पोस्टिंगमध्ये माझं काम काय होतं? रोड ओपनिंग. पहाटे चारला निघायचं, पुलाखाली वाकून बघायचं, मोऱ्या तपासायच्या, कडेचा प्रत्येक दगड बघायचा, आणि दिवसभर उभं राहायचं, का तर दुपारी ताफा न थांबता जावा. गाडी थांबली की धोका, हे तिथे शिकलो. आम्हीही वाट अडवायचो. पण अडवायला हुकूम लागायचा. हुकूम नसताना एखाद्या पोराने उगाच बॅरिअर पाडला आणि मागे गाड्या साचल्या, तर संध्याकाळी त्याची काय वाट लागायची हे माझ्या जुन्या साथीदारांना आठवत असेल. मैदानावर बॉल हा हुकूम आहे. हातात आहे तर थांबव, टॅग कर, आऊट कर, टाळ्या मी वाजवतो.

काटक पोरी घडवायच्या असतील तर मुरमावर घसरायला शिकवा, आधी वाळूच्या पट्टीत. डोळे उघडे ठेवून पळायला शिकवा. बॉलशिवाय उभ्या असलेल्या चिलखतावर डोकं आपटायला शिकवणं म्हणजे काटकपणा, हे मी वीस वर्षं वर्दीत राहूनही कुठल्या उस्तादाकडून ऐकलेलं नाही.

आणि शाळेच्या खेळात एवढं काय, असं म्हणणाऱ्यांनी जरा महाराष्ट्रात डोकावून बघावं. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, आणि ज्या पोरीसाठी हे आहे तिच्या घरी दुसरं काही नसतं. प्रमाणपत्रावर पहिला, दुसरा की नुसता सहभाग, हे कधीकधी उपांत्य सामन्याच्या एका रनावर ठरतं. तो रन एका मोकळ्या हाताने अडवला आणि आपण बघत राहिलो, तर आपण त्या पोरीचं काय नेलं हे तिला कळायलाही पाच वर्षं लागतात.

मागच्या रविवारी पुन्हा सामने होते. या वेळी सुरू होण्याआधी दोन्ही कोचना आणि चारही पंचांना प्लेटपाशी बोलावलं आणि सांगितलं की आज बॉलशिवाय वाट अडवली तर बेस मिळणार, धक्का लागो न लागो. एक कोच हसला. तंबूतल्या त्या चौघांपैकी एकाने मान हलवली, बाकीचे गप्प. ती काटकुळी पोरगी हात गळ्यात बांधून स्कोअररच्या टेबलाशी बसली होती, पेन्सिल डाव्या हातात.

दुसऱ्या इनिंगला पहिल्या बेसकडून दुसऱ्याकडे निघालेली रनर शॉर्टस्टॉपच्या मागून वळसा घेऊन गेली. बॉल सेंटर फील्डला होता. माझा डावा हात आडवा झाला. टॅग लागला, मी दोन्ही हात वर करून खेळ थांबवला आणि दुसरा बेस दिला. जो कोच हसला होता तो तावातावाने मैदानात आला. "छुआ तक नहीं साहब!" मी म्हटलं, "छूना जरूरी नहीं है, कोच साहब." तो पाच मिनिटं बोलला. मी ऐकलं. बेस दिलेलाच राहिला. त्या सामन्यात आणखी दोनदा हात आडवा करावा लागला, तिसऱ्यानंतर एकदाही नाही.

सामना संपल्यावर ती कॅचर माझ्याकडे आली. मागच्या महिन्यातली तीच. मुखवटा काखेत, चेहरा धुळीने माखलेला. तिच्याशी त्या दिवसानंतर कुणी धड बोललं नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"साहब, तो मैं खड़ी कहाँ रहूँ?"

सरांचा फोन याच्याच आदल्या रात्री आला होता. त्यांनी पुस्तक वाचलं होतं, अंगणात खडूने प्लेट काढून नातीला उभं करून बघितलं होतं. त्यांनी सांगितलं तसंच मी तिला नेऊन दाखवलं. प्लेटच्या पुढे, मैदानाच्या आत. डावा पाय प्लेटच्या पुढच्या कोपऱ्याला लागून, तोंड थ्रोकडे. तिसऱ्या बेसकडून येणारीला प्लेटची मागची बाजू पूर्ण दिसली पाहिजे. बॉल ग्लोव्हमध्ये आला की डाव्या अंगाने वळायचं, ग्लोव्ह खाली, टॅग. चुन्याने मी तिच्या पायाचा ठसा काढून दिला. तिने दोनदा केलं, तिसऱ्यांदा जरा जास्तच मागे सरकली.

"आगे. और आगे," टेबलावरून आवाज आला. गळ्यात हात बांधलेली ती उठून उभी राहिली होती.